एचबी ४० नंतरही शहराच्या हातात काय उरतं
तेल-वायूच्या ड्रिलिंगवर नियम करण्याचा शहरांचा अधिकार बहुतांशी काढून घेणाऱ्या टेक्सस राज्याच्या कायद्याबद्दल, म्हणजे एचबी ४० (हाउस बिल ४०) बद्दल, 'त्यानंतर टेक्ससमधल्या शहरांचे हात बांधले गेले' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. टेक्ससमधल्या डेंटन शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर (खडकात दाबाने पाणी सोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी आणली आणि २०१५ च्या मे महिन्यात राज्याने हा कायदा करून ती मोडीत काढली, हे बरोबर. पण तो प्रश्न नियमनाचा होता. स्वतःच्या मालकीची जमीन तेल-वायूसाठी भाड्याने द्यायची की नाही, हे शहरच ठरवतं, आणि देताना रस्ता, गल्ली किंवा सार्वजनिक चौक भाड्याने देता येत नाही, असं राज्याच्याच स्थानिक शासन संहितेत लिहिलेलं आहे.

खरा घोळ होतो तो मालक आणि परवानगी देणारा एकच असल्यामुळे. डॅलसचं उदाहरण बघा. २००८ मध्ये गॅसचे भाव चढे होते, महापालिकेला पैशांची चणचण होती, म्हणून ट्रिनिटी ईस्ट कंपनीला जमिनी लीजवर दिल्या आणि सुमारे १.९ कोटी डॉलर घेतले. त्यातल्या काही जागा उद्यानाच्या होत्या! पुढे लोक खवळले आणि २०१३ मध्ये नगर परिषदेने ड्रिलिंगची परवानगी नाकारली. कंपनी कोर्टात गेली आणि ज्युरीने कौल तिच्या बाजूने दिला. म्हणजे करदात्यांच्या पदरी खटल्याचा खर्च, आणि विहीर एकही नाही. माझ्या मते लोकसुनावणी लीजवर सही होण्याआधी हवी. आमच्या भागात गॅस विहिरीच्या टाक्या थेट मैदानाच्या कुंपणाला लागून आहेत. तिथे सूचनेचा बोर्ड लागला तेव्हा करार केव्हाच झालेला होता.