मोठ्या 'एम'चं तांब्याचं नाणं: कोणत्या राजाचं?

खानापूरकर:
मोडीच्या भांड्यांत आलेलं नाणं ओळखून हवंय. तांबं, ३१ मिमी, सराफाच्या काट्यावर १६.८ ग्रॅम. पुढे उजवीकडे बघणारा चेहरा, लेखातली 'एस-टी-आय-एन' एवढीच अक्षरं लागतात. मागे मोठा एम, वर क्रूस, दोन्ही बाजूंना चांदणी, एमच्या पायांमध्ये ग्रीक अक्षर गॅमा, तळाला 'सी-ओ-एन'. विकणारा म्हणाला, येशूच्या काळातलं. कडेला फिकट हिरवी पूड सुटतेय. चिंचेनं घासू का?

निपाणीकर:
येशूनंतर पाचशे वर्षांनी पाडलेलं आहे हे. एम म्हणजे ग्रीक अंक ४०, म्हणून हे ४० नुम्मींचं (नुम्मी म्हणजे तेव्हाचं सर्वांत छोटं नाणं) 'फॉलिस' नावाचं नाणं. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट अनास्तासियसनं ४९८ मध्ये ते काढलं तेव्हा साधारण ९ ग्रॅमचं होतं, ५१२ मध्ये वजन दुप्पट केलं. तुमचं त्यानंतरचं. तळाचं 'सी-ओ-एन' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल), आणि गॅमा हे ग्रीकमधलं तिसरं अक्षर, म्हणजे तिथली तिसरी कार्यशाळा.

अनास्तासियसच्या नावात 'एस-टी'पुढे 'ए' येतो, म्हणून तो गळला. त्याच्यानंतर सम्राट जस्टिन पहिला आणि मग जस्टिनियन आले. जस्टिनियनच्या बाराव्या वर्षापासून, म्हणजे ५३८-३९ पासून, चेहरा समोरून येतो आणि एमच्या डावीकडे उभं 'आन्नो' (लॅटिनमध्ये 'वर्षी'), उजवीकडे राज्यवर्ष. तुमच्याकडे तिथे चांदण्या आहेत. उरले जस्टिन पहिला आणि जस्टिनियनची सुरुवातीची वर्षं. टॉर्च अगदी आडवा धरून 'एन'पुढचं अक्षर बघा: व्ही असेल तर जस्टिन, आय असेल तर जस्टिनियन. वजनावर मात्र निकाल देऊ नका, दोघांची वजनं एकमेकांत मिसळतात.

आणि कडेला जोडाची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ओतीव नक्कल समजा.

चिकोडीकर:
चिंच नको, लिंबूही नको! आंबटानं पाटिना, म्हणजे जुन्या तांब्यावरचा संरक्षक थर, जाते आणि अक्षरं कायमची जातात. लाकडी टूथपिकनं टोकरून बघा. टणक, चकचकीत हिरवं म्हणजे पाटिना, त्याला हात लावू नका. पूड झडली तर ब्राँझ डिसीज: तांब्यातलं क्लोराइड ओलाव्यानं पुन्हा पुन्हा धातू खातं. खानापूरच्या पावसाळ्यात ते झपाट्यानं वाढतं.

पूड टोकरून काढा. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात ५० ग्रॅम सोडियम सेस्क्वीकार्बोनेट, त्यात नाणं बुडवून आठवड्याला द्रावण बदला. काही आठवडे लागतात, रंग थोडा बदलू शकतो. मग डिस्टिल्ड पाण्यात रोज पाणी बदलत भिजवा, ॲसिटोनमध्ये बुडवून वाळवा आणि सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवा. पीव्हीसीचे पाऊच वापरू नका, त्यातून सुटणारं रसायन तांबं हिरवं करतं. डबी महिन्याला उघडून बघा, पूड परत आली तर सगळं पहिल्यापासून.

खानापूरकर:
'एन'पुढे दोन तिरक्या काड्या, खाली जुळतात.

निपाणीकर:
खालीच ना? वर जुळत असतील तर तो 'ए', आणि मधला आय झिजलाय. खाली जुळत असतील तर व्ही: जस्टिन पहिला, ५१८ ते ५२७. पाकिटावर वजन, व्यास आणि गॅमा लिहून ठेवा. 'बेळगावात सापडलं' असं मात्र लिहू नका, मोडीतून आलेल्या नाण्याचं मूळ ठिकाण सांगता येत नाही. हावेरी जिल्ह्यातल्या अक्कीआलूरच्या साठ्यात बायझंटाइन नाणी मिळालीत, पण ती सोन्याची.

चिकोडीकर:
शेतात सापडलेलं असतं तर गोष्ट वेगळी. पुरलेला ठेवा सापडला तर कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.