मदत हवी आहे : पार्ल्यातल्या मैफलीसाठी पियानो

आमच्या छोट्या संगीत मंडळाने यंदा पहिल्यांदाच पाश्चात्त्य चेंबर संगीताच्या (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताच्या) चार मैफली ठरवल्या आहेत. तीन मैफलींची चिंता नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, वादक आपापली वाद्यं घेऊन येतात. अडलंय ते शेवटच्या मैफलीपाशी. जर्मन संगीतकार शूमानचं १८४२ मधलं पियानो क्विंटेट, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीची रचना, आहे आणि हॉलमध्ये पियानोच नाही.

हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना मध्येच वळतो. मोठा आडवा ग्रँड पियानो चढणार नाही, म्हणून उभ्या अपराइटवर समाधान मानलंय. डिजिटल कृपया सुचवू नका. वादकांनी नाही म्हटलंय आणि मलाही ते पटतं : चार तंतुवाद्यांच्या शेजारी स्पीकरमधून आलेला सूर वेगळाच पडतो.

दोन ठिकाणी विचारलं. एकाने जिना ऐकूनच नकार दिला. दुसरे आणून देतील, पण ट्यूनर आम्ही शोधायचा. मैफल सप्टेंबरअखेर, हवा दमट. हॉल आदल्या दुपारपासून ताब्यात मिळतो. वाहतूक धरून बजेट पंचवीस हजार.

असा पियानो जिन्यावरून नीट चढवणारी माणसं आणि ४४० ला (मधल्या ‘ए’ स्वराची कंपनसंख्या ४४० हर्ट्झ धरून) सूर लावून देणारा ट्यूनर मुंबईत कुठे मिळेल? आणि ट्यूनिंग आदल्या संध्याकाळी करावं की मैफलीच्या दिवशी सकाळी?