प्रतिसाद : शिकलेलं सोडायचं कुठे शिकवतात?
वर एका ताईंनी लिहिलंय, की पुनर्वास परिषदेकडची आपली व्यावसायिक नोंदणी टिकवायला लागणारे प्रशिक्षणाचे गुण भरायचे म्हणून दोन दिवस स्लाइड बघायच्या, प्रमाणपत्र घ्यायचं, झालं. खरंय. पण मला खटकतं ते वेगळंच. शिकलेलं सोडायला कुणी शिकवत नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारी. सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचाल बिघडलेली) मुलं बघते. पदरचे पैसे घालून बोबाथ पद्धतीचा कोर्स केला होता. मुलाला नीट हाताळून ताठरपणा कमी करा, हालचाल सुधारेल, असा त्याचा गाभा. 2013 साली संशोधक आयोना नोवॅक आणि सहकाऱ्यांनी कुठल्या उपचाराचा उपयोग होतो याचे सगळे पुरावे चाळले, तर बोबाथ खाली गेलं आणि मुलाला जे काम जमवायचंय त्याचाच सराव वर आला. पचायला वर्ष लागलं (फी आठवायची ना!).

आता उजवा हात आखडलेल्या सहा वर्षांच्या पोरीला हाताळायला गादीवर झोपवत नाही, मटार देते. उजव्या हाताने शेंग दाबून धरायची, डाव्याने सोलायची. निम्मे दाणे जमिनीवर. ते वेचता वेचता आई विचारते, ‘मॅडम, व्यायाम कधी सुरू करणार?’

तिला काय सांगायचं, यावर कुठे कार्यशाळा असेल तर कळवा. गुण नसले तरी येईन.