मदत हवी आहे: चिलटांच्या बाटल्यांना बुरशी येते

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ती लाल डोळ्यांची चिलटं मुलांसोबत वाढवतेय. (आंब्याला सापळे लावतो ती फळमाशी वेगळी, हे इथे सगळ्यांना आधी सांगावं लागतं!)

माझ्या बाबांना कंपवात आहे. माणसात रोगाशी संबंधित असलेल्या जनुकांपैकी सुमारे 75 टक्क्यांशी मिळतीजुळती जनुकं या चिलटात सापडतात. कंपवाताशी निगडित मानवी जनुक घातलेली चिलटं 2000 सालीच तयार झाली. वय वाढलं की त्यांना नळीत वर चढणं जमेना. तशी चिलटं आमच्याकडे कुठली? पण साध्या तरुण आणि म्हाताऱ्या चिलटांची चढाई मुलांना दाखवायची आहे. नळी टेबलावर हलकेच आपटायची आणि 10 सेकंदांत किती वर पोचतात ते मोजायचं.

अडचण खाद्याची. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून ओतते, पण या पावसात तिसऱ्याच दिवशी वर पांढरी लव दिसते आणि अळ्या कापसाच्या बोळ्यापर्यंत चढून मरतात. बुरशी रोखणारं प्रोपिऑनिक ॲसिड जवळपास मिळत नाही. त्याऐवजी निपाजीन (हेही बुरशीरोधकच) वापरलंय का कोणी? लिटरला किती, आणि खाद्य कितपत निवल्यावर घालायचं?

दुसरं म्हणजे, 25 अंशाला अंड्यापासून चिलट व्हायला 10 दिवस लागतात, पण 30 च्या आसपास नर वांझ होतात. एसी नाही. मे महिन्यात माठाशेजारी किंवा ओल्या गोणपाटाखाली बाटल्या जगवल्यात का कोणी? रत्नागिरी-मालवणकडच्यांनी जरूर सांगा.