बेसा की प्रतापनगर: मंदीतला हिशोब

नागपुरात घर घेताना प्रश्न पडतो की शहराच्या कडेला बेसा-घोगलीत फ्लॅटला दहा लाख कमी लागतात, तर शहरातल्या प्रतापनगरचा जुना फ्लॅट कशाला घ्यायचा?

दहा लाख कमी म्हणजे ८.५ टक्क्यांनी २० वर्षांत महिना सुमारे ८,७०० रुपयांचा हप्ता वाचतो. पण दोघं नोकरीला आणि दोन कार असतील, तर रोज प्रत्येकी २० किलोमीटर जादा म्हणजे महिन्याला ६५-७० लिटर पेट्रोल. बचत बहुतेक तिथेच संपते! खापरी मार्गावरचं मेट्रो स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ असेल तर मात्र गणित उलटतं.

मंदीत कडेच्या वस्तीचा भाव आधी पडतो, कारण बाजूला मोकळे लेआउट भरपूर असतात. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक नवीन स्कीमकडे वळतं. म्हणून तिथे घ्यायचंच असेल तर ताबा मिळालेलं घ्या, मे महिन्यात टँकर येतो का ते शेजाऱ्यांना विचारा, आणि प्लॉट असेल तर एनए (बिगरशेती परवानगी) व आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट मोकळा केल्याचं प्राधिकरणाचं पत्र) पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

आणखी एक, रेडीरेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा) फार खाली सौदा केलात तरी मुद्रांक शुल्क रेडीरेकनरवरच लागतं. फरक सौद्याच्या १० टक्क्यांहून (आणि ५० हजारांहून) जास्त असेल तर तो तुमचं उत्पन्न धरून आयकरही बसतो.