मदत हवी आहे: मावशींच्या कबरीवर नवस, फोटोला प्रभावळ, नोव्हेनाची छपाई. चर्चच्या नियमात काय बसतं?

निळी_जपमाळ

इंदूरच्या एका धर्मग्रामातला (पॅरिशमधला) प्रश्न आहे. इथे एक प्रापंचिक बाई होत्या, निवृत्त नर्स. सगळा मोहल्ला त्यांना मावशी म्हणायचा. क्षयाचे रोगी, अडलेल्या बाळंतिणी, घराबाहेर काढलेल्या सुना, सगळ्यांना त्यांचं दार उघडं असायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडोदऱ्याला मुलाकडे असताना त्या वारल्या. दफन इंदूरला झालं.

तेव्हापासून कबरीवर गर्दी वाढतेच आहे. कॅथलिक येतात, हिंदू येतात, मुसलमान येतात. तेलाचा दिवा अखंड असतो. नारळ, चादर, चांदीचे डोळे नि पाय वाहतात. दिव्याचं तेल लोक बाटलीत भरून नेतात, त्यांच्या एका साडीचे तुकडेही वाटले गेलेत. फ्लेक्सवरच्या फोटोमागे स्टुडिओवाल्याने सोनेरी प्रभावळ काढली आणि नावाआधी 'संत' छापलं. तोच फोटो फ्रेम करून चर्चमध्ये बाजूच्या वेदीवर ठेवला होता. नव्या फादरांनी तो उतरवला आणि मावशींच्या नावाच्या नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) ५०० प्रतींची छपाई थांबवली. लोक दुखावलेत. "सिस्टर राणी मारियांचा सण साजरा होतो, मग आमच्या मावशींनाच बंदी का?" असं विचारतात.

फादरांचं बरोबर आहे का? पुण्यतिथीला काय करता येईल? दानपेटीतल्या पैशांचं काय करायचं? आणि एका बाईंचा आजार बरा झाल्याचं सांगतात, त्याची नोंद कशी ठेवायची?

छावणीकर

ताई, फादरांचं बरोबर आहे, आणि त्यात मावशींचंच हित आहे.

कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ११८७ बघा: ज्यांना ख्रिस्तसभेने संत किंवा धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून नोंदवलंय, त्यांचीच सार्वजनिक भक्ती करता येते. सार्वजनिक म्हणजे चर्चच्या नावाने, चर्चने नेमलेल्या माणसाकडून, चर्चने मान्य केलेल्या विधीने केलेली. घरात मावशींचा फोटो ठेवून "मावशी, माझ्यासाठी देवाकडे मागा" म्हणायला कोणाचीच आडकाठी नाही. चार घरच्यांनी मिळून म्हटलं तरी ती खासगी प्रार्थनाच.

हा नियम पोप आठवे अर्बन यांच्या १६२५ आणि १६३४ च्या आदेशांपासून चालत आलाय. पुढे मावशींना संत ठरवण्याचं प्रकरण उभं राहिलं, तर बिशप किंवा त्यांचा प्रतिनिधी कबर बघायला येईल, त्या राहत होत्या ती खोली बघेल, जिथे वारल्या ती जागा बघेल, आणि अवेळी सार्वजनिक भक्ती झालेली नाही असं लेखी द्यावं लागेल. त्या दिवशी वेदीवर प्रभावळीचा फोटो सापडला तर काम तिथेच अडतं. आधी ते सगळं काढा, मग पुढचं बोला, असं होतं.

राणी मारियांशी तुलना इथे लागू होत नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरातच त्यांना धन्यवादित घोषित केलं. मधली २२ वर्षं त्यांनाही वेदीवर जागा नव्हती. हे लोकांना असंच सांगा, पटतं.

फोटोचं सोपं आहे. प्रभावळ नसलेला मूळ फोटो पुन्हा छापून घ्या. खाली नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, "प्रेमळ स्मरणार्थ". 'संत' नको. 'देवाची सेविका' हेसुद्धा आत्ता नको, ते प्रकरण अधिकृतपणे सुरू झाल्यावरच लावतात. धर्मग्रामाच्या सभागृहात इतर दिवंगत कार्यकर्त्यांच्या रांगेत लावा. हार चालेल, समोर समई नको.

रोझरी_मंडळ

पुण्यतिथीचं सांगते. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) जरूर ठेवा, पण ती मृतात्म्यासाठीची मिस्सा: मावशींसाठी प्रार्थना करायची, मावशींकडे नाही. सगळी मेख इथेच आहे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्यांचं नाव दिवंगतांमध्ये घ्या. संतांच्या लितानीत (एकेका संताचं नाव घेऊन म्हणायच्या प्रार्थनेत) घालू नका, त्यांच्यावर रचलेलं भक्तिगीत मिस्सात म्हणू नका. प्रवचनात त्यांच्या सेवेबद्दल बोलायला हरकत नाही. मिस्सानंतर सभागृहात आठवणी सांगा, चहा-पोहे होऊ द्या.

कबरीवर फुलं ठेवा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळ्याच कबरींवर मेणबत्त्या लागतात, तशा इथेही लागोत. एकट्या त्याच कबरीवरचा अखंड दिवा मात्र बंद करा, म्हणजे तेलाचा प्रश्न आपोआप मिटेल. तेल बंद करताना एक गोष्ट लोकांच्या कानावर घालाच: कोणीही त्या भरवशावर गोळ्या सोडायच्या नाहीत. टीबीचा कोर्स अर्धवट टाकला की जंतू औषधाला दाद देत नाहीत. मावशी नर्स होत्या, त्यांनी हेच ठणकावलं असतं.

चांदीचे डोळे-पाय कबरीवर टांगू नका, फेकूही नका. एका कुलूपबंद पेटीत ठेवून वहीत तारीख, वस्तू, कशासाठी वाहिली एवढं लिहा. लोक भक्तीने यायला लागले याचा तो पुरावा असतो. दिसायला नको एवढंच.

हिंदू-मुसलमान भगिनींना अडवू नका. पुण्यतिथीच्या दिवशी दारावर दोन समजूतदार बायका उभ्या करा. नारळ-चादर घेऊन आलेल्यांना "इथे मावशींसाठी प्रार्थना करा, मेणबत्ती मारियामातेच्या ग्रोटोपाशी लावा" असं गोड शब्दांत सांगा. भिंतीवर मोठा 'मनाई' बोर्ड लावला की भांडण होतं.

निळी_जपमाळ

उरलेल्या साड्या, जपमाळ, डायऱ्या मुलाने आणून दिल्यात. डायऱ्यांची पानं लॅमिनेट करून प्रदर्शन लावावं असं काहींचं म्हणणं आहे.

दफ्तरखाना

लॅमिनेशन अजिबात नको! ते पुन्हा काढता येत नाही, कागद कायमचा खराब होतो. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या काढून टाका, पावसाळ्यात गंजून पानाला भोक पाडतात. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरी पानंसुद्धा सोडू नका, नाहीतर मधलं पान काढलं अशी शंका येते. मूळ डायऱ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा.

साड्यांना कात्री लावणं आजपासून बंद. धुवूही नका. यादी करा, दोघांच्या सह्या घ्या, मुलाकडून "धर्मग्रामाच्या ताब्यात दिलं" असं लेखी घ्या. अवशेषांबाबत रोमने २०१७ मध्ये दिलेल्या सूचनेप्रमाणे धन्यवादित घोषित होईपर्यंत अशा वस्तूंची सार्वजनिक भक्ती करता येत नाही. पवित्र अवशेष विकायला तर कॅनन ११९० ची साफ मनाई आहे. तुकड्यांसाठी कोणी 'देणगी' घेत असेल तर ते आजच थांबवा.

आता आजार बरा झाल्याची नोंद. 'चमत्कार' शब्द वापरू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका. आजाराच्या आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारीखवार लावा. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवायला पॅथॉलॉजीला अर्ज द्या, लॅब ते कायम ठेवत नाहीत. मग बाईंनी स्वतःच्या शब्दांत लिहावं: प्रार्थना कधी सुरू केली, कोणाकडे, आणखी कोण करत होतं. बहुतेक प्रकरणं इथेच पडतात. एकाच आठवड्यात वेलांकणीमातेला नवस, संत अंतोनींची नोव्हेना आणि मावशींकडेही मागणं, मग मध्यस्थी कोणाची हे ठरवणार कसं? दुसरं, औषधाने बरं होण्यासारखं दुखणं असेल तर डॉक्टरांचं मंडळ ते बाजूला ठेवतं. बरं होणं तडकाफडकी, पूर्ण आणि टिकाऊ असावं लागतं, आणि वैद्यकशास्त्राला त्याचा उलगडा होता कामा नये.

आठवणी गोळा करतानाही एक काळजी घ्या. प्रत्येकाने वेगळं बसून लिहावं. तयार मसुदा देऊन सह्या घेतल्या की सगळ्या साक्षी एकाच साच्यातल्या निघतात आणि कवडीमोल ठरतात. स्वतः पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं ते वेगळं लिहा. मावशींचा राग, कोणाशी झालेली भांडणं, तेही येऊ द्या. म्हाताऱ्यांकडे आधी जा.

छावणीकर

प्रक्रियेचं थोडक्यात. मृत्यूनंतर निदान ५ वर्षं जावी लागतात, म्हणजे ऑक्टोबर २०२७ पूर्वी अर्ज नाही. त्यानंतर धर्मग्राम किंवा एखादी संस्था अर्जदार होते, पोस्ट्युलेटर (प्रकरण चालवणारा प्रतिनिधी) नेमते आणि बिशपांकडे मागणी करते. पण कोणत्या बिशपांकडे? ज्या धर्मप्रांतात मृत्यू झाला त्यांच्याकडे! तुमच्या बाबतीत ते बडोदा. कबर, साक्षीदार, काम सगळं इंदूरला आहे, तेव्हा बडोद्याच्या बिशपांची लेखी संमती आणि रोमची परवानगी घेऊन प्रकरण इंदूरला हलवता येतं. हे मुलाला आणि फादरांना आत्ताच सांगून ठेवा. वडोदऱ्यात त्या ज्या खोलीत वारल्या तिथेही काही देव्हारा झालेला नाही ना, ते बघा.

सिस्टरांच्या मागे त्यांचा संघ असतो, तो कागद जपतो, खर्च उचलतो, माणसं देतो. घरसंसारातल्या बाईच्या मागे असं कोणी नसतं. म्हणून अशी प्रकरणं मागे पडतात, याचं फार वाईट वाटतं. देवसहायम पिल्लै १७५२ ला हुतात्मा झाले आणि २०२२ ला संत; ते भारतातले पहिले प्रापंचिक संत. मावशींच्या मागे उभं राहायचं असेल तर गर्दीपेक्षा वह्या सांभाळणारी चार माणसं जास्त उपयोगी.

दानपेटीचं: ज्या हेतूने पैसे दिले त्याच हेतूसाठी वापरायचे, कॅनन १२६७. पेटीवर काय लिहिलंय ते बघा. 'मावशींना संत करण्यासाठी' लिहिलं असेल तर पेटी काढा. जमलेली रक्कम दोन साक्षीदारांसमोर मोजून धर्मग्रामाच्या खात्यात वेगळ्या शीर्षकाखाली भरा, आणि त्याचं काय करायचं ते बिशपांना लेखी विचारा. पुढे 'गरीब रुग्णांसाठी' अशी नवी पेटी ठेवता येईल, पावतीसह.

रोझरी_मंडळ

नोव्हेनाचं राहिलं. प्रार्थनापुस्तकं खासगी वापरासाठी असली तरी छपाईला स्थानिक धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते (कॅनन ८२६). त्यामुळे ५०० प्रती थांबवल्या ते योग्यच. नऊ दिवसांची नोव्हेना सोडा, एक छोटी प्रार्थना लिहून फादरांमार्फत बिशप हाउसला पाठवा. संबोधन देवाला असू द्या: "हे प्रभू, तुझ्या या लेकीने रोग्यांची सेवा केली. तुझी इच्छा असेल तर तिच्या मध्यस्थीने आमची ही विनंती ऐक." तळाशी "केवळ खासगी प्रार्थनेसाठी" आणि परवानगीची तारीख.

निळी_जपमाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक: एका कुटुंबाने जयपूरला संगमरवरी पुतळा सांगितलाय, ॲडव्हान्सही दिलाय.

छावणीकर

काम आजच थांबवायला सांगा. ॲडव्हान्स परत मिळत नसेल तर त्याच दगडात कबरीची साधी पाटी करून घ्या: नाव, तारखा, क्रूस, बायबलची एक ओळ. कोरायला देण्यापूर्वी मजकूर फादरांकडून तपासून घ्या.