मदत हवी आहे: विक्रीपूर्वी ॲनिमोनचे विलगीकरण करताना औषध सरसकट द्यावे की फक्त आजाऱ्याला?

नमस्कार.

पुण्यात घरातल्याच एका खोलीत मी समुद्री मत्स्यालयांसाठी ॲनिमोन, म्हणजे समुद्रपुष्पे, आणि ॲनिमोनच्या आश्रयाने राहणारे, टाकीत पैदास झालेले क्लाउनफिश मासे सांभाळते व विकते. पिशवीतून आलेला ॲनिमोन त्याच आठवड्यात ग्राहकाच्या हाती देणे मला पटत नाही. आजारी मासा मेला तर बहुधा एकटा मरतो. ॲनिमोन मेला आणि वेळेत लक्षात आले नाही, तर त्याचे कुजणारे शरीर पाण्यातला अमोनिया इतका वाढवते की सोबतचे मासेही जातात. म्हणून प्रत्येक ॲनिमोनला आधी वेगळ्या टाकीत ठेवायचे, हा माझा नियम आहे. मात्र त्या टाकीत नेमके काय करायचे आणि तो विकण्याजोगा झाला हे कशावरून ठरवायचे, याबद्दल मला अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

माझ्याकडे येणाऱ्या ॲनिमोनचे दोन प्रकार पडतात. बबल टिप, म्हणजे एन्टाक्मिया क्वाड्रिकलर, टाकीतच उभा दुभंगून एकाचे दोन होतो, आणि मी शक्यतो अशीच टाकीत वाढलेली पिल्ले घेते. त्यांचा फारसा त्रास होत नाही. दुसरा प्रकार समुद्रातून काढलेल्यांचा आहे, विशेषतः हेटरॅक्टिस मॅग्निफिका आणि स्टायकोडॅक्टिला जायगँटिया. खडकाला घट्ट धरलेला पाय सोडवताना त्याला इजा होते, पुढे पिशवीतल्या थोड्याशा पाण्यात लांबचा प्रवास घडतो, आणि या सगळ्यात जीवाणूंना आयतीच वाट मिळते. रंग देऊन भडक पिवळे किंवा गुलाबी केलेले ॲनिमोन मी घेतच नाही.

विलगीकरणाची टाकी ४० लिटरची आहे. तळाला वाळू नाही, पाय रोवायला एक मातीची कुंडी उपडी ठेवली आहे, क्षारता दर हजारी ३५ आणि तापमान २६ अंशांवर असते, आणि पॉवरहेडला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या बुडत्या पंपाला, बाहेरून जाड स्पंज बांधलेला आहे, कारण नव्या जागी आलेला ॲनिमोन रात्रभर सरपटत राहतो आणि उघड्या पंपात ओढला जाऊ शकतो. माशांच्या उपचाराची टाकी या कामासाठी मी कधीच वापरत नाही. तांब्याचे औषध एकदा पडले की ते सिलिकॉनमध्ये आणि दगडांत मुरून राहते आणि अपृष्ठवंशी प्राण्यांना ते विषच आहे.

सध्या काळजी एका मॅग्निफिकाची आहे. दिवे लागले की त्याची शुंडके, म्हणजे तोंडाभोवतीची बोटांसारखी टोके, आखडतात आणि खांब, म्हणजे त्याचे धड, ढिला पडून तो एका अंगावर लवंडतो. दिवे मालवल्यावर तो पुन्हा पाणी भरून इतका फुगतो की खांबाची कातडी ताणलेली दिसते. टॉर्चच्या मंद उजेडात पाहिले तर तोंड मिटलेले नसते. आतली पांढुरकी घडी ओठांबाहेर आलेली असते. हातमोजा घालून शुंडकांना बोट लावले तर निरोगी ॲनिमोन चटकन चिकटतो, तसा हा चिकटत नाही. पाय फाटलेला नाही आणि कुजल्याचा वासही अजून नाही. निरोगी ॲनिमोनसुद्धा अधूनमधून आक्रसून आतले पाणी आणि विष्ठा बाहेर टाकतो, तेवढ्यावरून मी घाबरले नसते; पण इथे हे चक्र रोजचे झाले आहे आणि दर वेळी तोंड थोडे अधिक उघडे दिसते.

शौकिनांमध्ये यावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक वापरण्याची पद्धत रूढ आहे: १० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर पाण्याला २५० मिलिग्रॅम, रोज संपूर्ण पाणी बदलून पुन्हा तेवढीच मात्रा, आणि असे किमान ७ दिवस. माझ्या टाकीच्या हिशेबाने आठवड्याला २८० लिटर खारे पाणी, म्हणजे साधारण १० किलो सॉल्ट मिक्स लागेल. खर्चाची माझी तक्रार नाही. अडचण अशी आहे की काही विक्रेते समुद्रातून आलेल्या प्रत्येक ॲनिमोनला, लक्षणे असोत वा नसोत, हा उपचार देतात, आणि मला ते योग्य वाटत नाही; पण लक्षणे दिसेपर्यंत थांबल्यामुळे वाचू शकणारा प्राणी हातचा जाईल का, अशीही भीती वाटते. शिवाय रोज ४० लिटर औषधी पाणी मोरीत ओतायला मन धजत नाही. त्याचे काय करावे?

आणखी एक गोष्ट. काही ॲनिमोनच्या पायाला दगडाचा किंवा पोवळ्याचा तुकडा चिकटून येतो. तो काढावा की राहू द्यावा?

प्रतिसाद, मुंबईहून

ताई, तुमच्या मॅग्निफिकाची लक्षणे संसर्गाचीच आहेत. दिवसा आक्रसणे आणि रात्री फुगणे ही त्याची नेहमीची खूण आहे. त्याच्या बाबतीत विचार करत बसू नका, आज रात्रीच सुरुवात करा.

औषधाची पट्टी घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात आणि नावेही मिळतीजुळती असतात. तुम्हाला नुसते सिप्रोफ्लॉक्सासिन हवे आहे. गोळी खलून थोड्या आरओच्या पाण्यात विरघळवा, वरच्या आवरणाचा चोथा गाळून टाका आणि मग ते टाकीत मिसळा. थेट खाऱ्या पाण्यात ती नीट विरघळत नाही. औषध प्रकाशाने नासते, त्यामुळे ते दिवे मालवल्यानंतरच द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दिव्यांचा काळ आटोपला की संध्याकाळी पाणी बदलायचे.

सगळे पाणी बदलायचे असल्याने नवे पाणी आदल्या दिवशीच कालवून, हीटर लावून, पंपाने फिरवत ठेवा. क्षारता आणि तापमान जुन्या पाण्याशी जुळले नाही, तर आधीच थकलेल्या प्राण्याला रोज नवा धक्का बसतो, आणि मग औषधाचा उपयोग झाला नाही असे आपण म्हणतो. उपचार चालू असताना खायला देऊ नका, कारण न पचलेला घास उलटून पडतो आणि पाणी बिघडते. प्रकाश सौम्य ठेवा, पण पूर्ण अंधार करू नका, कारण त्याच्या शरीरातल्या शैवालावर तो जगतो.

सरसकट उपचाराबद्दल माझे मत असे: टाकीत वाढलेल्या बबल टिपला औषधाची गरज नाही. जायगँटिया आणि मॅग्निफिका यांना मात्र मी आल्या दिवसापासूनच देतो. तोंड पूर्ण उघडून आतले धागे बाहेर लोंबू लागले की त्यानंतर फार थोडे वाचतात.

दगडाविषयी: पाय ओढून सोडवू नका, फाटलेल्या पायाचा ॲनिमोन क्वचितच सावरतो. त्यावर पंपाचा झोत सोडला तर बरेचदा तो स्वतःच जागा सोडतो. पण चिकटलेला तुकडा पोवळ्याचा असेल तर पुरवठादाराला आधीच बजावून ठेवा. दगडी पोवळी आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तो तुकडा तुमच्या घरात सापडणे तुम्हाला परवडणारे नाही. शिवाय माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनचे कोश मुख्यतः कठीण पृष्ठभागांवरच चिकटतात. ॲनिमोनला तो रोग होत नाही, पण दगडासोबत तो ग्राहकाच्या टाकीत जाऊ शकतो. यासाठी माशांविना ७६ दिवस ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तेवढे जमणार नसेल तर निदान दगडासह ॲनिमोन विकू नये.

प्रतिसाद, गोव्याहून

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि घरी समुद्री टाकी आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

वरच्या प्रतिसादातली सरसकट उपचाराची सूचना सोडून बाकी सगळे मला मान्य आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे माणसांच्या गंभीर संसर्गांवरचे औषध आहे, आणि खाण्याच्या कोळंबीच्या शेतीत या गटाच्या प्रतिजैविकांवर आपल्याकडे बंदी आहे ती उगाच नाही. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवतात आणि त्याचा प्रभाव कमी करतात. इतकी मोठी मात्रा लागण्यामागे हे एक कारण आहे. म्हणजे आपण बरेच औषध टाकतो, त्यातले थोडे कामाला येते आणि उरलेले पाण्याबरोबर बाहेर जाते. लक्षणे नसलेल्या प्राण्यालाही ते देत राहिलो, तर त्याच टाकीत, त्याच बादल्यांत या औषधाला न जुमानणारे जीवाणू तयार होण्याची वाट आपणच मोकळी करतो, आणि मग खरोखर आजारी ॲनिमोनसाठी हाताशी काहीच उरत नाही.

माझ्या मते समुद्रातून आलेल्या ॲनिमोनला आल्यावर पहिले काही दिवस सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा बघावे. तोंड ढिले असणे, चिकटपणा नसणे आणि फुगण्या-आक्रसण्याचे चक्र, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच रात्री औषध सुरू करावे, आणि सुरू केले की ७ दिवस पुरे करावेत. तिसऱ्या दिवशी बरा दिसतो म्हणून सोडू नये. नव्या पाण्याचा साठा आणि औषध मात्र तयार असले पाहिजे, म्हणजे थांबण्याची किंमत एखाद्या रात्रीपेक्षा जास्त मोजावी लागत नाही. प्रत्येक टाकीची बादली, नळी आणि हातमोजे वेगळे असावेत.

वापरलेले पाणी मोरीत ओतू नका. झाकण नसलेल्या पिंपात ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी सोडून ते काही दिवस कडक उन्हात राहू द्या. कार्बन हे औषध शोषून घेतो आणि उरलेले उन्हाने नासते. त्यानंतर ब्लीच घालून जंतू मारा आणि मगच ओता. वापरलेला कार्बन पुन्हा कोणत्याही टाकीत घालू नये.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मॅग्निफिकाला काल रात्री पहिली मात्रा दिली आहे आणि पट्टीवर फक्त सिप्रोफ्लॉक्सासिनच आहे, हे दोनदा तपासले. सरसकट उपचाराबाबत मी गोव्याच्या ताईंच्या बाजूने जाईन. मुंबईच्या दादांचा अनुभव मी नाकारत नाही. त्यातली घाई मी तयारीत आणते, पाण्याचा साठा कायम भरलेला ठेवून.

विकण्याजोगा कधी म्हणायचे याचा मी पुढीलप्रमाणे विचार केला आहे, त्यात काही राहिले असेल तर सांगावे. औषध थांबल्यानंतर सलग २ आठवडे तो दिव्यांच्या पूर्ण काळात फुललेला राहिला पाहिजे, तोंड मिटलेले हवे, पाय एकाच जागी रोवलेला हवा, आणि नखाएवढा कोळंबीचा तुकडा गिळून दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटात ठेवलेला हवा. औषध न लागलेल्यालाही आल्यापासून ४ आठवड्यांच्या आत द्यायचे नाही. ज्याचा रंग उडून पांढरा पडला आहे, म्हणजे शरीरातले शैवाल गेले आहे, तो कितीही टवटवीत दिसला तरी तपकिरी छटा परत येईपर्यंत इथेच राहील. ग्राहकाला मी एक लेखी कागद देणार आहे: कोठून आला, औषध दिले का, किती दिवस, शेवटचे कधी खाल्ले आणि कोणत्या प्रकाशात होता. या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते. मंद प्रकाशातून आलेला ॲनिमोन ग्राहक थेट झगझगीत दिव्याखाली ठेवतो आणि तो भाजतो.

इतका वेळ कशाला, असे मला ग्राहक विचारतात. एडिनबर्गमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन १८८७ पर्यंत बरणीत जगला होता. तो वेगळ्या, थंड पाण्यातल्या जातीचा होता हे खरे, पण ज्या प्राण्याचे आयुष्य दशकांत मोजता येते, त्याला विकण्याआधी काही आठवडे देणे हे जास्त आहे असे मला वाटत नाही.

एक प्रश्न उरतो. उपचार संपलेल्या मॅग्निफिकाला क्लाउनफिशच्या जोडीसोबत विकावे का? जोमदार मासे अशक्त ॲनिमोनला सतत घासून आक्रसायला लावतात, असे मी पाहिले आहे, त्यामुळे ग्राहकाने आधी ॲनिमोन आणि तो नव्या जागी स्थिरावल्यावर मासे न्यावेत, असे मी सांगते. कोणाचा अनुभव याहून वेगळा असल्यास, टाकीचा आकार आणि माशांची जात यांसह कळवावे.